'अटेन्शन' कुठे वापरायचा, कुठे टाळायचा: 'लक्ष' इंग्रजीत नेण्याची पद्धत

सांगली-मिरजेकडच्या मुलांच्या वह्या असोत, नोकरीचे अर्ज असोत की मार्केट यार्डातल्या एखाद्या पेढीचा ईमेल, इंग्रजीत एक शब्द हमखास अडखळतो: अटेन्शन. तसा तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मिरज जंक्शनवर गाडीची घोषणा होताना कानावर पडतो, शाळेत रोज ऐकलेला असतो. तरीही 'पे अटेन्शन ऑन', 'गिव्ह युवर अटेन्शन इन' अशा थाटाची वाक्यं लिहिली जातात. आणि व्याकरण बरोबर असलं तरी कधी कधी अख्खं वाक्यच भलत्या जागी पडतं.

कारण एकच. मराठीत 'लक्ष' दिसलं की आपण डोळे झाकून 'अटेन्शन' ठेवतो. पण मराठीतलं 'लक्ष' एकटं फिरत नाही. लक्ष देतात, ठेवतात, घालतात, वेधतात. ते लागतं, उडतं, जातं. खरा अर्थ त्या क्रियापदात असतो. त्यातल्या थोड्याच ठिकाणी इंग्रजीत अटेन्शन चालतो, बाकी ठिकाणी वेगळा शब्द लागतो. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी मराठी क्रियापद, मग इंग्रजी शब्द, शेवटी 'टू'-'ऑन'ची भानगड. बहुतेक जण नेमकं उलट्या क्रमाने जातात.

पूर्वतयारी

एक वही आणि दोन रंगांची पेनं घ्या. मोबाइलमधलं भाषांतराचं ॲप तूर्त बाजूला ठेवा.

दिवसभरात तुम्ही स्वतः बोललेली, 'लक्ष' असलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून काढा. 'जरा बॅगेकडे लक्ष ठेवा.' 'दुधाकडे लक्ष दे, उतू जाईल.' 'साहेब, आमच्या अर्जात लक्ष घाला.' 'अभ्यासात लक्षच लागत नाही.' 'माझ्या लक्षातच आलं नाही.' अशी दहा-पंधरा वाक्यं सहज सापडतील. एका रंगाने क्रियापदाखाली रेघ मारा, दुसऱ्या रंगाने 'कडे', 'वर', 'त' या प्रत्ययांना गोल करा.

सावधान: गाइडमधली वाक्यं उतरवू नका. तिथे सगळी वाक्यं 'अभ्यासाकडे लक्ष द्या' याच छापाची असतात. ती बरोबर सोडवूनही एसटी स्टँडवर काय बोलायचं ते कळत नाही.

टप्पा १: उच्चार आणि स्पेलिंग

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण टाळू नका. उच्चारात जोर 'टेन्'वर येतो: अ-टेन्-शन. सुरुवातीचा 'अ' हलका असतो, पण असतो. घाईत तो गिळला की 'पे टेन्शन' ऐकू येतं, आणि टेन्शन आपल्याकडे आधीच मुबलक आहे.

स्पेलिंगमध्ये सुरुवातीच्या 'ए'नंतर 'टी' दोनदा आणि शेवट टी-आय-ओ-एन. 'टेन्शन'चा शेवट मात्र एस-आय-ओ-एन. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून बघा, कारण एकाची शेपटी दुसऱ्याला लागण्याची चूक फार होते. 'पे'चा भूतकाळ 'पेड', स्पेलिंग पी-ए-आय-डी. मधे 'वाय' येत नाही.

टप्पा २: क्रियापदावरून गठ्ठे पाडा

खरी मेहनत इथे आहे. वहीतलं एकेक वाक्य घ्या आणि पुढच्यापैकी कुठल्या गठ्ठ्यात जातं ते ठरवा.

*लक्ष देणे.* यात निदान तीन वेगळी कामं दडलेली आहेत. ऐकण्या-शिकण्याचं लक्ष असेल तर 'पे अटेन्शन टू'. 'सर काय सांगतायत तिकडे लक्ष दे' म्हणजे 'पे अटेन्शन टू व्हॉट सर इज सेइंग'. राखणीचं लक्ष असेल तर अटेन्शन नको. दूध उतू जायच्या बेतात आहे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, तेव्हा इंग्रजीत 'वॉच द मिल्क' किंवा 'कीप ॲन आय ऑन द मिल्क'. तिसरं काळजीचं लक्ष. 'तब्येतीकडे लक्ष द्या' याला 'टेक केअर ऑफ युवर हेल्थ' किंवा नुसतं 'लुक आफ्टर युवरसेल्फ'. इथे 'पे अटेन्शन टू युवर हेल्थ' चुकीचं नाही, पण निरोप घेताना म्हटलंत तर डॉक्टर दटावतायत असं वाटेल.

'मुलांकडे लक्ष द्या' यात तर दोन अर्थ निघतात. सांभाळा म्हणायचं असेल तर 'लुक आफ्टर द चिल्ड्रन'. ती काय म्हणतायत ते ऐका, त्यांना वेळ द्या म्हणायचं असेल तर 'पे अटेन्शन टू द चिल्ड्रन'. मराठीत हा फरक प्रसंगावरून कळतो. इंग्रजीत तो शब्दातच दाखवावा लागतो.

*लक्ष ठेवणे.* इथे जवळजवळ नेहमी 'कीप ॲन आय ऑन'. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर शेजारच्या परप्रांतीय प्रवाशाला बॅग सोपवून पाणी आणायला जायचंय. 'प्लीज पे अटेन्शन टू माय बॅग' म्हणालात तर तो बॅगेकडे बघून विचार करेल की हिच्यात विशेष काय आहे. 'कुड यू कीप ॲन आय ऑन माय बॅग, प्लीज?' एवढं पुरे. 'माझं तुझ्यावर लक्ष आहे बरं का' या दमबाजीलाही हाच 'आय' येतो: 'आय हॅव गॉट माय आय ऑन यू'.

*लक्ष घालणे.* 'लुक इनटू'. 'आमच्या अर्जात लक्ष घाला' म्हणजे 'प्लीज लुक इनटू अवर ॲप्लिकेशन'. पण 'माझ्या कामात लक्ष घालू नकोस' इथे लुडबुड अभिप्रेत आहे, म्हणून 'डोन्ट इंटरफिअर इन माय वर्क'. क्रियापद तेच, नकार लागला की अर्थ पालटला. हा सापळा परीक्षेतही टाकला जातो.

*लक्ष लागणे, लक्ष नसणे, लक्ष उडणे.* 'अभ्यासात लक्ष लागत नाही' म्हणजे 'आय कान्ट कॉन्सन्ट्रेट ऑन माय स्टडीज'. 'बाहेरच्या डॉल्बीने लक्ष उडालं' म्हणजे 'आय गॉट डिस्ट्रॅक्टेड'. 'सॉरी, माझं लक्ष नव्हतं' इथे मात्र अटेन्शन चपखल बसतो: 'सॉरी, आय वॉजन्ट पेइंग अटेन्शन'. आणि वर्तमानपत्रांतलं आवडतं 'निकालाकडे सर्वांचे लक्ष लागून राहिले आहे' इंग्रजीत होतं 'ऑल आइज आर ऑन द रिझल्ट'. लक्ष गेलं, डोळे आले.

*लक्ष वेधणे.* इथे अटेन्शन राहतो, पण त्याच्या आधीचं क्रियापद नीट निवडा. आपोआप नजर खेचली जाते तेव्हा 'अट्रॅक्ट अटेन्शन'. मुद्दाम बोट दाखवून सांगायचं तेव्हा 'ड्रॉ अटेन्शन टू'. गर्दीत कुणाला खूण करून आपल्याकडे बघायला लावायचं तर 'कॅच समबडीज अटेन्शन'. विधिमंडळातल्या 'लक्षवेधी सूचने'साठी मात्र ठरलेला शब्द आहे, 'कॉलिंग अटेन्शन'. तिथे 'ड्रॉइंग' किंवा 'अट्रॅक्टिंग' चालत नाही.

*लक्षात येणे, घेणे, ठेवणे, आणून देणे.* 'लक्षात' दिसलं की अटेन्शन आधी खोडा, मग विचार करा. 'लक्षात ठेव' म्हणजे 'रिमेंबर' किंवा 'कीप इन माइंड'. 'पाऊस लक्षात घेऊन' म्हणजे 'टेकिंग द रेन इनटू अकाउंट'. 'चूक लक्षात आणून दिली' म्हणजे 'पॉइंटेड आउट द मिस्टेक'. 'लक्षात आलं' याचे दोन भाग करा. डोळ्याला दिसलं तर 'नोटिस्ड', डोक्यात शिरलं तर 'रिअलाइज्ड'. दुकानाला कुलूप आहे हे लक्षात आलं, 'नोटिस्ड'. साताऱ्याची समजून शिराळ्याच्या गाडीत बसलो हे पेठ नाका ओलांडल्यावर लक्षात आलं, 'रिअलाइज्ड'.

*दुर्लक्ष.* मुद्दाम केलं तर 'इग्नोअर'. जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही तर 'निग्लेक्ट'. नजरेतून सुटलं तर 'ओव्हरलुक'. लग्नसराईच्या धांदलीत हळदीच्या पिकाकडे दुर्लक्ष झालं, तर पीक 'निग्लेक्टेड'. बिलातला एक आकडा बघायचा राहून गेला, तर तो 'ओव्हरलुक्ड'. नोकरीच्या ठिकाणी खुलासा लिहिताना हा फरक महागात पडू शकतो. 'आय इग्नोअर्ड युवर मेल' लिहिलंत तर तुम्ही मेल वाचून मुद्दाम सोडून दिला, असं लेखी कबूल केलंत.

*इशारा.* हा गठ्ठा लहान आहे. इशारा किंवा सल्ला ऐकून त्याप्रमाणे वागायचं असेल तर औपचारिक इंग्रजीत 'हीड'. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. पाणी चढू लागलं की बातमीत येईल: 'रेसिडेन्ट्स शुड हीड द वॉर्निंग'. 'हीड' क्रियापद म्हणून आला तर पुढे 'टू' नाही. नाम म्हणून आला तर 'पे हीड टू' किंवा 'टेक हीड ऑफ'. दुधाला, बॅगेला, वर्गातल्या फळ्याला 'हीड' लावू नका. रोजच्या बोलण्यात तो पुस्तकी वाटतो. निबंधात आणि बातमीत शोभतो.

तपासा: वहीतल्या वाक्यांपैकी किती ठिकाणी अटेन्शन उरला? निम्म्याहून जास्त ठिकाणी उरला असेल तर गठ्ठे पुन्हा पाडा.

टप्पा ३: 'टू' की 'ऑन'

अटेन्शन पक्का झाला की मगच इथे या. 'पे' आणि 'ड्रॉ' यांच्याबरोबर 'टू'. 'फोकस', 'कॉन्सन्ट्रेट', 'फिक्स' यांच्याबरोबर 'ऑन'. 'पे अटेन्शन ऑन' ही चूक दोन गोष्टींच्या सरमिसळीतून येते: 'फोकस ऑन' कानात बसलेलं असतं आणि मराठीत 'अभ्यासावर लक्ष केंद्रित कर' म्हणायची सवय असते.

म्हणून 'अटेन्शनपुढे कायम टू' असं पाठ करू नका. 'फोकस युवर अटेन्शन ऑन द रोड' बरोबर आहे. 'हर अटेन्शन वॉज ऑन द फोन' हेही बरोबर आहे. शब्दयोगी अव्यय कोणतं यायचं ते क्रियापद ठरवतं.

याच 'टू'मुळे आणखी एक घोळ होतो, आणि चांगलं इंग्रजी येणारेही त्यात सापडतात. 'पे अटेन्शन टू'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावायचा. 'अक्षर सुधारण्याकडे लक्ष दे' म्हणजे 'पे अटेन्शन टू इम्प्रूव्हिंग युवर हँडरायटिंग'. 'टू इम्प्रूव्ह' लिहिलंत तर अर्थ होतो 'अक्षर सुधारावं म्हणून लक्ष दे', म्हणजे लक्ष कशाकडे द्यायचं ते सांगायचंच राहिलं.

अटेन्शन मोजता येत नाही. 'ॲन अटेन्शन' नको, 'मेनी अटेन्शन्स' तर नकोच. अनेकवचनी 'अटेन्शन्स' हा शब्द आहे, पण तो एखाद्याच्या मागे मागे करण्यासाठी, बऱ्याचदा नकोशा लगटीसाठी येतो. 'मोअर', 'क्लोज', 'फुल', 'स्पेशल', 'लिटल' ही विशेषणं बिनधास्त लावा. 'बारकाईनं लक्ष' याला 'क्लोज अटेन्शन'. 'डीप अटेन्शन' लिहू नका.

स्पर्धा परीक्षेच्या निबंधात कर्मणी रचना कामी येते: 'मोअर अटेन्शन शुड बी पेड टू सॉइल टेस्टिंग'. माती परीक्षणाच्या जागी कुठलाही विषय घाला, वाक्य उभं राहतं. फक्त शेवटचा 'टू' गाळू नका. वाक्य लांबलं की तोच आधी गळतो.

टप्पा ४: भाऊबंद: अटेन्ड, अटेन्डन्स, अटेन्टिव्ह

'अटेन्ड'पुढे 'टू' आला की अर्थ बदलतो. हजर राहणे असेल तर 'टू' नाही: 'आय अटेन्डेड अ वेडिंग इन कराड'. काम मार्गी लावणे, गिऱ्हाईक बघणे, रुग्णाकडे बघणे असेल तर 'टू' हवा: 'द नर्स इज अटेन्डिंग टू द पेशंट'. 'अटेन्डेड टू द वेडिंग' म्हणालात तर लग्नाची सगळी व्यवस्था तुमच्याच अंगावर होती असं ऐकणाऱ्याला वाटेल.

फोन 'अटेन्ड' करणं आपल्याकडे रुळलंय. परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना 'आन्सर द फोन' किंवा 'टेक द कॉल' म्हणा. परीक्षेलाही 'अटेन्ड' लावू नका. 'टेक' किंवा 'सिट' घ्या.

'अटेन्डन्स' म्हणजे हजेरी. शंभर टक्के अटेन्डन्स असून अटेन्शन शून्य असणारे विद्यार्थी प्रत्येक बाकावर सापडतात. 'अटेन्टिव्ह' म्हणजे लक्ष देऊन ऐकणारा. हॉटेलातल्या वाढप्याबद्दल म्हटलं तर तत्पर.

टप्पा ५: उलटा प्रवास, इंग्रजीतून मराठीत

इथे चूक मराठीची होते. 'ही नीड्स मेडिकल अटेन्शन' याचं 'त्याला वैद्यकीय लक्षाची गरज आहे' असं भाषांतर कुणी छापलं तर कपाळावर हात मारावा. सरळ मराठी: 'त्याच्यावर उपचार करायला हवेत'. 'द रूफ नीड्स अटेन्शन' म्हणजे छपराची डागडुजी करायला हवी. जाहिरातीतलं 'अटेन्शन टू डिटेल' म्हणजे काम बारकाईनं करण्याची सवय. 'अनअटेन्डेड बॅग' म्हणजे जिच्याजवळ कुणी नाही अशी, बेवारस बॅग.

कवायतीतला 'अटेन्शन' म्हणजे आपलं 'सावधान', आणि 'स्टँड ॲट ईज' म्हणजे 'विश्राम'. साताऱ्याच्या सैनिक स्कूलसारख्या ठिकाणी प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांनी हे पक्कं करावं: 'स्टँड टू अटेन्शन' किंवा 'स्टँड ॲट अटेन्शन', दोन्ही चालतं. 'इन अटेन्शन' चालत नाही.

टप्पा ६: समोर कोण आहे ते बघा

'पे अटेन्शन!' हा हुकूम आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला म्हटला तर ठीक; साहेबाला, गिऱ्हाइकाला किंवा वडीलधाऱ्या माणसाला म्हणू नका. 'प्लीज' जोडलं तरी त्यातला हुकूम जात नाही. सभेत बोलायला उभे राहिलात तर 'मे आय हॅव युवर अटेन्शन, प्लीज?' म्हणा. समोर एकच माणूस असेल तर त्याचंही कारण नाही: 'कुड यू हॅव अ लुक ॲट धिस?'

टप्पा ७: अर्ज, पत्र, ईमेल

दोन सांगाडे आहेत. पहिल्यात लक्ष वस्तूकडे जातं: 'आय वुड लाइक टू ड्रॉ युवर अटेन्शन टू द डिले इन पेमेंट'. दुसऱ्यात वस्तू लक्षापर्यंत आणली जाते: 'आय वुड लाइक टू ब्रिंग द डिले इन पेमेंट टू युवर अटेन्शन'. 'ड्रॉ'नंतर लगेच अटेन्शन येतो, 'ब्रिंग'नंतर मुद्दा आधी आणि अटेन्शन शेवटी. दोन्हींची खिचडी होऊन 'ब्रिंग युवर अटेन्शन टू' जन्माला येतं, आणि आपल्याकडच्या अर्जांत तेच सर्वाधिक दिसतं. मुद्दा लांबलचक असेल तर 'ब्रिंग टू युवर अटेन्शन दॅट' लिहून पुढे अख्खं वाक्य जोडा.

'आय वुड लाइक टू अट्रॅक्ट युवर काइंड अटेन्शन' तर अजिबात नको. अट्रॅक्ट करायचं काम दुकानाच्या रोषणाईचं. अर्जाने फक्त 'ड्रॉ' करावं. 'काइंड अटेन्शन'मधला 'काइंड' आपल्या सरकारी कार्यालयांत चालतो, कुणी हरकत घेत नाही. परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला लिहिताना तो काढून टाका.

'काइंडली पे अटेन्शन टू माय ॲप्लिकेशन' हे वाक्य नम्रतेच्या भरात लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याला टोचतं. 'तुमचं लक्ष नाहीये' असं त्यातून सूचित होतं. त्याऐवजी 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड लुक इनटू माय ॲप्लिकेशन'. टप्पा २ मधला 'लक्ष घालणे'चा गठ्ठा इथे उपयोगी पडतो.

पत्र कार्यालयाच्या नावे आहे पण ठरावीक अधिकाऱ्याच्या टेबलावर जावं असं वाटत असेल तर पत्त्याच्या वर 'फॉर द अटेन्शन ऑफ' लिहून त्याचं नाव किंवा हुद्दा द्या. लिफाफ्यावर ए-टी-टी-एन आणि दोन टिंबं पुरतात. ईमेलमध्ये ही ओळ विषयात घालू नका. तिथे कामाचा विषयच असू द्या.

शेवटच्या ओळीत 'थँक यू फॉर युवर अटेन्शन टू धिस मॅटर' लिहायचं असेल तर पाठवण्यापूर्वी मागे जाऊन बघा: पत्रात तो 'मॅटर' स्पष्ट मांडलाय का, आणि समोरच्याने नेमकं काय करायचं, किती तारखेपर्यंत करायचं, हे लिहिलंय का. नसेल तर आधी ते लिहा, मग आभार माना.